बारा व्होल्टची आग : तारेच्या जाडीचा इतिहास

१/ घरातील इन्व्हर्टरकडे एकदा नीट पाहावे. त्यातून पंख्याकडे आणि दिव्यांकडे जाणारी तार जेमतेम उदबत्तीएवढी बारीक असते. बॅटरीकडे जाणारी तार मात्र करंगळीएवढी जाड असते. पंख्याच्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो, तिचा उघडा भाग हाताला लागला तर जीव जाऊ शकतो. उलट बॅटरीच्या दोन टोकांवर कोरडी बोटे ठेवली तरी काही जाणवत नाही, कारण तिथे अवघे १२ व्होल्ट असतात. मग जिथे धोका कमी भासतो, तिथेच तांबे इतके जास्त का लागते?

२/ या साध्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला जवळपास अर्धे शतक लागले आणि ते उत्तर विसरल्याची किंमत त्यानंतर शंभर वर्षांनीही मोजावी लागली. या कथेत इंग्लंडमधील एक बिअर गाळणारे कुटुंब आहे, न्यूयॉर्कच्या धनाढ्यांची घरे आहेत, लंडनच्या आगविमा कंपन्या आहेत, मुंबईच्या कुलाब्यात जन्मलेला एक अभियंता आहे आणि शिकागोजवळचे एक जळालेले टेलिफोन एक्स्चेंज आहे.

३/ आरंभ जेम्स प्रेस्कॉट जूल याच्यापासून. मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड येथील बिअर उत्पादकाचा हा मुलगा. १८४० च्या डिसेंबरात, वयाच्या बाविशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठवला. तारेचे वेटोळे पाण्यात बुडवायचे, घटमालेतून त्यात विद्युतप्रवाह सोडायचा आणि पाणी किती तापते ते तापमापकावर वाचायचे, असा त्याचा प्रयोग होता. निष्कर्ष असा निघाला की तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते, परंतु प्रवाहाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट.

४/ या नियमात विद्युतदाबाचा, म्हणजे व्होल्टचा, थेट उल्लेखच नाही. तार तापते ती तिच्यातून वाहणाऱ्या अँपिअरमुळे. आता इन्व्हर्टरचे गणित मांडू. ६०० वॅटचा भार २३० व्होल्टवर चालवायला सुमारे २.६ अँपिअर पुरतात. तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायचा तर ५० अँपिअर लागतात आणि इन्व्हर्टरमधील घट धरली तर सुमारे ६०. प्रवाह तेवीसपट वाढला; म्हणजे त्याच तारेत उष्णता पाचशेपटीहून अधिक वाढली. स्पर्शाला निरुपद्रवी वाटणारे १२ व्होल्ट तारेसाठी मात्र सर्वांत कठोर परीक्षक ठरतात.

५/ जूलच्या काळात याची कोणाला फारशी चिंता नव्हती. तारायंत्राला लागणारा प्रवाह इतका अल्प असे की तारा तापण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. भीती होती ती आकाशातील विजेची. १८४७ मध्ये फ्रेंच यंत्रकार लुई ब्रेगे याने सुचवले की तारघराच्या यंत्रापूर्वी तारेचा थोडा भाग मुद्दाम बारीक ठेवावा. वीज पडलीच तर तो भाग वितळून तुटेल आणि यंत्र वाचेल. मौल्यवान वस्तू वाचवण्यासाठी एक स्वस्त तुकडा बळी द्यायचा, ही फ्यूजमागची कल्पना इथे स्पष्ट दिसते.

६/ मग दोन गोष्टी एकाच सुमारास बदलल्या. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाचा पुनर्भारित होणारा घट तयार केला आणि कामिय फोर याने १८८१ मध्ये त्यात अशी सुधारणा केली की त्याचे कारखान्यात उत्पादन करणे शक्य झाले. आजच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हा थेट पूर्वज. दुसरीकडे, एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे वीजकेंद्र सुरू केले. पहिल्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले. दाब होता ११० व्होल्टच्या आसपास आणि वीज होती एकदिश, म्हणजे डीसी. आता तारांतून शेकडो अँपिअर वाहू लागले.

७/ तांबे महाग होते. म्हणून तारेच्या जाडीचा पहिला शास्त्रीय विचार झाला तो पैशाच्या अंगाने. सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८८१ मध्ये दाखवून दिले की तार जाड केली तर तांब्यावरील भांडवलाचा वार्षिक बोजा वाढतो, बारीक केली तर उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या विजेचा खर्च वाढतो. हे दोन्ही खर्च जिथे समान होतात ती जाडी सर्वांत किफायतशीर. नियम सुंदर होता. परंतु किफायतशीर तार सुरक्षित असेलच, याची हमी तो देत नव्हता.

८/ ती हमी नसल्याचे लवकरच दिसले. न्यूयॉर्कमधील विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या प्रासादात दिव्यांची पहिली चाचणी चालू असताना भिंतीच्या सजावटीतून धूर येऊ लागला. भिंतीवरील रेशमी कापडात धातूचे बारीक धागे होते, ते तारांना भिडले होते; ही आठवण स्वतः एडिसनने पुढे सांगितली. तळघरात बाष्पकही आहे हे कळल्यावर गृहिणीने सारी यंत्रणाच काढून टाकायला लावली. जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन अव्हेन्यूवरील घरीही ग्रंथालयातील तारेमुळे मेज आणि गालिचा जळाला. ज्यांच्या भांडवलावर हा उद्योग उभा राहत होता, त्यांच्याच घरात तारा पेटत होत्या.

९/ अशा वेळी सर्वांत आधी जागे झाले ते विमावाले, कारण आगीची भरपाई त्यांच्या तिजोरीतून जाणार होती. १८८२ मध्ये लंडनच्या फिनिक्स फायर ऑफिसचे अभियंता मसग्रेव्ह हीफी यांनी विद्युत दिव्यांसाठी नियम तयार केले. त्याच वर्षी जूनमध्ये सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स या संस्थेनेही अवघ्या चार पानांची नियमावली काढली. तिच्या शीर्षकातच आगीच्या धोक्याचा उल्लेख होता. आज जगभर वायरिंगच्या ज्या जाडजूड संहिता आहेत, त्यांच्या वंशावळीत ही चार पाने फार वर येतात. विजेचा धक्का बसण्याच्या भयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तार तापण्याचे भय या नियमांमागे होते.

१०/ मुंबईही या घडामोडींपासून दूर नव्हती. १८८२ मध्येच क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयत्न झाला. कंत्राट घेतलेली कंपनी वर्षभरातच बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. त्याच वर्षी शहरात टेलिफोन एक्स्चेंजही सुरू झाले. हे एक्स्चेंज लक्षात ठेवावे. बॅटरीच्या कथेत टेलिफोन पुन्हा येणार आहे.

११/ त्या काळात अभियंत्यांच्या तोंडी एक सोपा ठोकताळा होता : तांब्याच्या एक चौरस इंच छेदामागे १,००० अँपिअर. म्हणजे एका चौरस मिलिमीटरमागे साधारण दीड अँपिअर. तारेचा छेद दुप्पट तर प्रवाह दुप्पट, छेद चौपट तर प्रवाह चौपट. त्रैराशिकासारखा सरळ हिशोब. पण निसर्ग असे त्रैराशिक मांडत नाही.

१२/ कारण असे. तारेत उष्णता निर्माण होते ती तिच्या संपूर्ण छेदात. बाहेर पडते ती मात्र पृष्ठभागातून. तारेचा व्यास दुप्पट केला की छेद चौपट होतो, पण पृष्ठभाग दुप्पटच होतो. वरच्या ठोकताळ्याप्रमाणे चौपट प्रवाह सोडला तर एकूण उष्णता चौपट होते आणि ती बाहेर टाकायला वाट मिळते अवघी दुप्पट. म्हणून जो ठोकताळा बारीक तारेला अतिसावध ठरतो, तोच फार जाड तारेला घातक ठरू शकतो. मोठ्या कढईतले दूध वाटीतल्या दुधापेक्षा उशिरा निवते, त्यातलाच हा प्रकार.

१३/ ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता विल्यम हेन्री प्रीस यांनी १८८४ पासून यावर पद्धतशीर प्रयोग केले. किती प्रवाहाला तार वितळते हे मोजल्यावर त्यांना आढळले की तो प्रवाह व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला तर वितळण्याचा प्रवाह चौपट होत नाही, २.८ पट होतो. फ्यूजची तार निवडण्याचे शास्त्र यावर उभे राहिले. एडिसनने १८८० मध्येच आपल्या दिव्यांसाठी सुरक्षा-तारेचे एकस्व घेतले होते. आता तिची जाडी अंदाजाने ठरवायची गरज उरली नाही.

१४/ तार केव्हा वितळते हे कळले. पण ती भिंतीत, लाकडात, कापडी आवरणात असताना सुरक्षितपणे किती प्रवाह वाहू शकते? या प्रश्नावर मोलाचे काम केले आर्थर एडविन केनेली यांनी. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १८६१ रोजी मुंबईच्या कुलाब्यात झाला. वडील आयरिश, नाविक सेवेतील अधिकारी. आई बालपणीच वारली आणि मुलगा युरोपात वाढला. शाळा लवकर सोडून किशोरवयातच तो तारायंत्राच्या व्यवसायात शिरला, ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत काम शिकला आणि १८८७ मध्ये थेट एडिसनच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

१५/ १८८९ मध्ये केनेली यांनी तारांच्या तापण्याचे जे मोजमाप केले, त्यात तारेची जाडी हा एकच घटक नव्हता. तीच तार लाकडी पट्टीत बसवली तर किती तापते, उघड्या हवेत किती, हे वेगवेगळे तपासले गेले. यातून पुढे रूढ झालेला विचार आजही प्रत्येक कोष्टकात आहे : तारेची क्षमता तिच्या तांब्यात असते तितकीच तिच्या भोवतालातही असते. गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबलेली तार आणि मोकळी लटकणारी तार या वाहकक्षमतेच्या दृष्टीने दोन भिन्न तारा होत. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ मध्ये आली, तेव्हा तारांच्या जाडीनुसार प्रवाहमर्यादेची कोष्टके हा अशा संहितांचा कणा बनत होता. हेच केनेली पुढे वातावरणातील आयनांबराच्या अंदाजासाठी प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यांचे हे गरम तारांचे काम काहीसे झाकोळले.

१६/ कोष्टकातील मर्यादा ठरते ती तांब्यामुळे नव्हे. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यावरील आवरण फार आधी हार मानते. सुरुवातीला हे आवरण सुती धागा आणि रबराचे असे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पीव्हीसी आले. सर्वसाधारण पीव्हीसी तारेत तांब्याचे तापमान ७० अंशांच्या वर सतत राहू नये, असा दंडक आहे. त्यापलीकडे आवरण मऊ पडते, कडक होऊन तडकते आणि अखेर तांबे उघडे पडते. आग एका क्षणात लागलेली दिसते, पण तिची तयारी आवरणात कित्येक महिने चालू असते.

१७/ जाडी सांगण्याच्या भाषेलाही इतिहास आहे. तार छिद्रांतून ओढून बारीक करत. जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होई आणि तिचा क्रमांक वाढे. म्हणून गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. ब्रिटनमध्ये एकच प्रमाण गेज १ मार्च १८८४ पासून कायदेशीर झाला. त्याचे अवशेष आजही आपल्याकडे आहेत : जुना वायरमन ‘तीन-वीस’ किंवा ‘सात-वीस’ तार मागतो, म्हणजे २० गेजचे तीन किंवा सात पदर. भारताने दशमान पद्धत स्वीकारून साठ-सत्तर वर्षे झाली, दुकानातील वेष्टनावर चौरस मिलिमीटर आले, तरी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील हे आकडे दुकानाच्या काउंटरवर टिकून आहेत.

१८/ आता बॅटरीकडे. विजेची वाट न पाहता अखंड चालायला हवी अशी पहिली मोठी यंत्रणा म्हणजे टेलिफोन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्राहकाच्या घरातील छोटे घट जाऊन एक्स्चेंजमध्येच मध्यवर्ती बॅटरी आली आणि पुढे ४८ व्होल्ट हे प्रमाण स्थिरावले. बाहेरची वीज बॅटरी भरत राहते, बॅटरी यंत्रे चालवत राहते. वीज गेली तरी संभाषण तुटत नाही. बॅकअप या कल्पनेचे हे आद्य रूप. मोठ्या एक्स्चेंजमध्ये या ४८ व्होल्टवर शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर वाहतात. म्हणून तिथे मनगटाएवढ्या तारा आणि तांब्याच्या पट्ट्या असतात.

१९/ ८ मे १९८८, रविवार. अमेरिकेत त्या दिवशी मातृदिन होता आणि आईला फोन करण्याचा तो दिवस. शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील एक्स्चेंजमध्ये सुटीमुळे कोणी नव्हते. धोक्याचा इशारा गेला तो सुमारे ३०० किलोमीटरवरील स्प्रिंगफिल्डच्या देखरेख केंद्राकडे. तिथून स्थानिक अग्निशमन दलापर्यंत बातमी पोहोचण्यात मोलाचा वेळ गेला, कारण ज्या दूरध्वनीवरून कळवायचे तेच जळत होते. तपासात असे आढळले की बॅटरीच्या वीजपुरवठ्याच्या एका तारेचे आवरण खराब झाले होते आणि दुसऱ्या एका तारेच्या धातूच्या कवचाशी तिचा संपर्क आला होता.

२०/ या प्रसंगातील खरा धडा फ्यूजविषयी आहे. तारेत पूर्ण शॉर्टसर्किट झाले असते तर फ्यूज लगेच उडाला असता. पण इथला दोष अर्धवट होता : फ्यूज उडवायला अपुरा, आवरण पेटवायला पुरेसा. शिवाय डीसी विजेची ठिणगी हट्टी असते. आपल्या घरातील एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि प्रत्येक वेळी ठिणगीला विझण्याची संधी मिळते. डीसीमध्ये तशी संधी येत नाही. त्यात बॅटरीला मुख्य कळ दाबून गप्प करता येत नव्हते, त्यामुळे जवानांचे काम आणखी अवघड झाले. सुमारे ३५,००० ग्राहकांचे फोन बंद पडले, आपत्कालीन सेवा खोळंबली, शिकागोच्या विमानतळांची वाहतूक विस्कळीत झाली आणि सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. जी व्यवस्था सेवा खंडित होऊ नये म्हणून उभारली होती, तिनेच सेवा खंडित केली.

२१/ हा इतिहास महाराष्ट्राच्या घराघरांत आला तो भारनियमनाच्या काळात. २००५ च्या आसपास आणि त्यानंतरची काही वर्षे गावांत रोजचे कित्येक तास वीज नसे, आणि शहरांतही वेळापत्रक बघून गिरणी, अभ्यास, स्वयंपाक चाले. त्या काळात इन्व्हर्टर चैनीतून गरजेत आला. एक्स्चेंजमध्ये ज्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमले जात, ती यंत्रणा आता जिन्याखाली, देव्हाऱ्यामागे, कपाटाच्या बाजूला येऊन बसली. यंत्र आले, त्यामागचे दीड शतकाचे ज्ञान मात्र प्रत्येक वेळी सोबत आले नाही.

२२/ त्या ज्ञानाची किंमत आकड्यांत पाहता येते. बॅटरी दूर ठेवायची म्हणून कोणी घरातील २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली आणि जाण्या-येण्याची मिळून लांबी ३ मीटर भरली, तर रोध होतो सुमारे ०.०२१ ओहम. ६० अँपिअरला तीत ७५ वॅट उष्णता निर्माण होते : जुन्या पिवळ्या बल्बएवढी, आणि तीही प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. २५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच उष्णता साडेसात वॅटवर येते. म्हणून बॅटरीची तार जाड तर हवीच, शक्य तितकी आखूडही हवी.

२३/ आणि तार योग्य असूनही सांधा सैल असेल तर? टोकावरचे थिंबल नीट दाबलेले नसेल किंवा बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर तिथे ०.०१ ओहमचा रोध सहज तयार होतो. ६० अँपिअरला त्या एका बिंदूवर ३६ वॅट उष्णता साठते. डाग देण्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. बहुतेक वितळलेल्या तारा मध्ये वितळत नाहीत, टोकाशी वितळतात, त्याचे कारण हेच.

२४/ उरला फ्यूज. तो यंत्राला वाचवतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. ब्रेगेच्या काळी तसे होतेही. पण पर्ल स्ट्रीटनंतर फ्यूजचे मुख्य काम तार वाचवणे हे झाले. म्हणून त्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून मोठा असू नये, आणि बॅटरीच्या बाबतीत तो बॅटरीच्या धन टोकालगतच हवा. घरगुती बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये हजार अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ शकते. फ्यूज तारेच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मधली सारी तार निराधार राहते. किटकॅटमध्ये फ्यूज वारंवार उडतो म्हणून तांब्याची जाड तार बांधणे, म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणे. मग उडते ती भिंतीतली तार.

२५/ जूलने मोजलेली उष्णता पाण्यात मुरत होती आणि तो तापमापक घेऊन शेजारी उभा होता. जिन्याखालच्या तारेशेजारी कोणी उभे नसते. १८८२ च्या चार पानांपासून आजच्या कोष्टकांपर्यंत सारे नियम त्या अनुपस्थित पहारेकऱ्याची जागा घेण्यासाठी लिहिले गेले. वीज गेल्यावर, इन्व्हर्टर अर्धा तास भारावर चालला की, बॅटरीच्या तारेच्या आवरणाला आणि टोकांजवळच्या भागाला हाताची पालथी बाजू लांबूनच नेऊन पाहावी. उघड्या धातूला हात लावू नये. ऊब जाणवली, प्लॅस्टिकचा वास आला, किंवा आवरणाचा रंग बदललेला दिसला, तर इन्व्हर्टर बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे.

धागा समाप्त.